वाशांना लागलेला भुंगा

किन्हीराजा,
ता. १८ जानेवारी १९३८

प्रिय शफीक,

अक्षर बघून हे पत्र भलत्याच माणसाचं समजू नकोस. रामधनच लिहितोय. उजव्या हाताच्या तीन बोटांना फोड आलेत आणि डावा डोळा अर्धाच उघडतो. घराच्या वाशांना बिब्ब्याचं तेल लावायला मी स्वतःच वर चढलो होतो. आधी अंगाला खोबरेल चोपडल्याशिवाय बिब्ब्याला हात लावू नये, हे लहानपणापासून ठाऊक. पण घाई हा माझा जन्माचा रोग. बिब्बा असा उतला, तोंड इतकं सुजलं की शाळेत पहिलीची पोरं आपल्या मास्तरला ओळखेनात. तू असतास तर पोट धरून हसला असतास.

घराला भुंगा लागला हे तुला नवं नाही. त्यावरूनच आपलं बोलणं तुटलं. तेव्हापासून तीन वर्षं मी त्याच्यामागे आहे. सकाळी उठावं तर चुलीवर, माठाच्या झाकणीवर, अंथरुणावर पोखरलेल्या लाकडाचं पिवळं पीठ पडलेलं. धनीबाई झाडून काढते आणि दुपारपर्यंत पुन्हा तेवढंच. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला. आम्ही खोकून बेजार, भुंगा मजेत. एकेका भोकात काडीनं करंजाचं तेल सोडलं, वर मेण भरलं. तो शेजारी नवं भोक पाडून बाहेर आला. तांदळाएवढा किडा, पण त्यानं मला पुरतं दमवलंय. गेल्या पोळ्याला माजघरातला एक वासा मधोमध मोडला आणि कौलं धनीबाईच्या पुढ्यात पडली. तेव्हापासून बायको माझी ओसरीत निजते. मला म्हणाली, "घराले तेल पाजून राह्यले तुमी, पन त्याच्याखाली माणसं राह्यतात, त्यायचं काय?" 

शफीक, हे घर तू आणि मी मिळून उभं केलं. सुतारकाम सगळं तुझं, मी नुसताच चिखल तुडवला आणि तुला सल्ले दिले, पण मिळूनच म्हणतो. आढं चढवलं त्या दिवशी तू जेवण झाल्यावर जमिनीवर उताणा पडलास आणि कितीतरी वेळ वर बघत राहिलास. या घरात तुझ्या नातवाचं बारसं होईल, म्हणालास. आपल्या हातच्या कामाकडे असं बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि त्यानंतर तीन वर्षांनी, पीठ पडायला लागल्यावर, शेजारच्या गोपीचंदच्या ओट्यावर दहा माणसांत मी बोललो की शफीकनं लाकूड ओळखलं नाही, किडकं घातलं. तू समोर उभा होतास. मला वाटलं तू भांडशील. तू टोपी सारखी केलीस आणि निघून गेलास. पुढच्या आठवड्यात गाव सोडलंस. तू कारंज्याला कापसाच्या जिनात सरकी उचलतोस हे ऐकलं, तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की तिथं बरं चाललं असेल. खोटी समजूत घालायला मला नेहमीच जमतं.

परवा तुझी बहीण हलिमा आसेगावहून सुलतानबी चाचीला भेटायला आली होती. मी चाचीच्या अंगणात उभा राहिलो, ती आत बोलावेना. शेवटी दारातूनच म्हणाली, "भाईजाननं सुताराचं काम सोडलं, मास्तर. लाकूड हातात घेतलं की घाबरतो. म्हणतो, माह्यी नजर गेली, कोनाच्या डोक्यावर घर पाडीन मी. बकरीद झाली का हत्यारं इकून टाकतो म्हणे." मला तिथं उभं राहवेना.

म्हणून हे लिहितोय. मला तुझ्याकडून भुंग्यावर औषध नको. तुला आठवत असेल, हलिमाच्या निकाहासाठी तू वीस दिवस आसेगावला होतास. परत आल्यावर अंधाऱ्या पाखात, वद्यात, लाकूड तोडू, चांदण्यात तोडलं तर गोड रस राहतो आणि भुंगा लागतो, तोवर हात लावू नकोस, असं बजावून गेला होतास. पण गोपीचंदचं घर वर येत होतं आणि मला त्याच्या आधी, अक्षय्य तृतीयेला, नव्या घरात पाऊल टाकायचं होतं. सेवालालची बैलगाडी जंगलाकडे निघालेली दिसली आणि मी शुद्ध द्वादशीला, भरल्या चांदण्या पाखात, सगळे वासे तोडून आणवले. तू आलास तेव्हा अमावास्या उलटून गेली होती. वद्यात तोडलं असं मी सांगितलं. तू पहिलाच वासा कापलास, चिमूटभर भुसा जिभेवर ठेवलास आणि म्हणालास, "रामधन, गोड लागून राह्यलं. हे अंधाऱ्या पाखातलं नाही वाटत मले." मी धनीबाईची शपथ घेतली. तू भुसा थुंकलास आणि कामाला लागलास. तुझी नजर गेली नाही रे, जीभही चुकली नाही. तू स्वतःवर विश्वास ठेवायचा सोडून माझ्यावर ठेवलास, एवढंच तुझं चुकलं. काल गोपीचंदच्या ओट्यावर मी हे सगळं सांगून आलो. धनीबाई कालपासून माझ्याशी बोललेली नाही आणि ते बरोबरच आहे. मला माफ कर असं लिहिण्याचं धाडस होत नाही. घराचं मी बघेन, पडलं तर पडेल. तू हत्यारं विकू नकोस.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
रामधन