रंगीत काचेखालची पूजा

१३ जून १९७४
रेल्वेचा संप मिटला, गाड्या सुरू झाल्या — आता मुंबईला न जायला सबब उरली नाही! हेमाला एम.ए.च्या मुलाखतीला बोलावलंय. हे म्हणाले, "तू बघून ये. तू व्हय म्हटलीस तर पोरीला पाठवू, न्हाय तर अक्कलकोटच्या धोंडप्पांच्या मुलाला देऊ." सगळं माझ्यावर टाकून मोकळे! कडक भाकरी, शेंगाचटणी बांधली. जीव थाऱ्यावर नाही.

१५ जून
सकाळी मुंबई. स्टेशनात आंघोळ उरकली, पण संडासाशेजारी लिंगपूजा कशी करायची? पूजेआधी घोटभर पाणीही नाही. टॅक्सी कशाला? चालतच विद्यापीठात गेलो.

इमारत बघून पाय अडले. टोकदार कमानी, उंच मनोरा, खांबांवर कोरलेली तोंडं — अगदी ख्रिस्ती देऊळ! हेमा म्हणाली, "अव्वा, साहेबाच्या काळातली हाय. आत नुसती पुस्तकं." तरी चपला मी पायरीशीच काढल्या.

जिन्याखाली बसले. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं, भस्म लावलं — तर वरच्या काचेतून तांबडा-निळा उजेड थेट हातावर! डोळे मिटवेनात. तेवढ्यात चष्मेवाल्या एक बाई — "अहो, इथं काय मांडलंय? उठा!" पोरी बघायला लागल्या. वाटलं, हेमा आता मान फिरवणार. पण ती मधे येऊन उभी राहिली. "माझ्या आईची पूजा चाललीय. झाली की उठेल."

मुलाखतीला त्याच बाई! पहिलं विचारलं म्हणे, "आईनं काही खाल्लं का?" मग घेतलं की तिला!

१७ जून
ह्यांनी दारातच विचारलं, "कसं हाय?" मी आपलं म्हटलं, "चर्चसारखं दिसतं —"
"मग झालं की! मी म्हणतच होतो." पुढचं ऐकायला थांबले कुठे! लगेच अक्कलकोटला निरोप. रविवारी पाहुणे.

१९ जून
भांडी घासता घासता हेमा म्हणाली, "पूजा तुझी पुरी झाली, अव्वा, आणि माझ्या जागेवरनं उठायचं मी?"

२१ जून
सोमवारी हजर व्हायचंय तिला. आज पूजेत मन लागलं नाही. भाजी दोनदा खारट.

२३ जून
हे पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेले. धोंडप्पांनी चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला, चहा घेतला. म्हणाले, "आता मुलीला बोलवा की."
मी म्हटलं, "दुपारच्या मुंबईच्या गाडीत बसवून आले तिला. मी व्हय म्हटलंय."