दोघांचंही बरोबर

अप्पा,

हे पत्र पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते. अमेरिकेतल्या प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेत निबंधाला मला सहापैकी दोनच मिळाले. एका बाजूने ठाम मत मांडून दुसरी बाजू खोडून काढायची होती. मी दोन्हींचा मान राखला आणि शेवटी लिहिलं, दोघांचंही बरोबर आहे. सटाण्यात भावकीची भांडणं तुम्ही अशीच मिटवता. वर तोंड करून बोलायचं नाही, हेही तुमचंच.

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "अमेरिकेचं राहू दे आता. रविवारी देवळ्याची मंडळी तुला बघायला येतायत."

परीक्षा पुन्हा देता येते, मला ती द्यायचीच आहे, हे मी नाशकात खोलीवर मोठ्याने म्हणून पाहिलं होतं. फोनवर मात्र मी म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, अप्पा."

तुमची,
मयूरी