मोटरीच्या नाकात खुंटी

अमरावती, १३ मार्च १९५९

बाळापूर मुक्कामी तीर्थस्वरूप नत्थुमामांच्या पायावर भाचा श्रावणचं डोकं. (पत्रातूनच ठेवतो, म्हणजे तुमाले पाय मागे घेता येणार नाई.)

मी इकडे खुशाल. मामीचा गुडघा, ढवळ्या बैलाचा खांदा आणि सुभद्राची तब्येत कशी आहे ते कळवा. सुभद्राचं नाव शेवटी आलं ते फक्त रीत म्हणून.

मागच्या पाडव्याले तुमी चार लोकांत म्हटलं होतं की या पोराच्या पायाले भिंगरी आहे, एका धन्याजवळ पाडवा ते पाडवा टिकला तर आमची सुभद्रा देण्याचा विचार करू. (तो पण नुसता विचार.) मामा, पाडव्याले सत्तावीस दिवस राहिले आणि चिंतामणराव वकिलांची मोटर मी अजून चालवून राहिलो. मधात थोडी गडबड झाली. लोकांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच लावून पाठवतो.

झालं असं की साहेबांच्या लेकीच्या, सरोजिनीताईच्या सोयरिकीसाठी वकीलसाहेब, बाईसाहेब आणि पत्रिका पाहाले हरिहर जोशीबुवा, सारे अकोल्याले निघाले. मोटर माझ्याहून मोठी, म्हणजे वयानं. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी, आणि टाकीतली वाफ बाहेर नेणारी एक रबराची नळी. ती नळी सडून गळून पडलेली, म्हणून वाफ सरळ बाईसाहेबांच्या नाकात. त्या म्हणाल्या, वास आला तर मी बसत नाई. मी हुशारी केली. बाभळीची खुंटी तासली, तिले कापूस गुंडाळून साबण लावला आणि नळीच्या जागी उरलेल्या भोकात ठोकून देल्ली. वास बंद. बाईसाहेबांनी मले लाडू देल्ला.

बडनेरा सुटलं आणि मोटर बसली. मी टाकीचं झाकण काढून काडीनं पेट्रोल पाहाले गेलो, तर आतून सापासारखा फुस्स आवाज. तिकडे जोशीबुवांनी समोरच्या चाकापाशी नारळ फोडला. मोटर चालू. पाचसहा मैलांवर पुन्हा बसली. पुन्हा मी झाकण, बुवा नारळ, मोटर चालू. मूर्तिजापूर येईपर्यंत बुवा मोटर थांबायच्या आधीच शेंडी सोलून तयार. नारळ होते सहा, व्याह्यांकडे ओटी भराले आणलेले. अकोल्यात पोचलो तेव्हा एक उरला होता, आणि आमी सारे खोबरं चावत खाली उतरलो. व्याही म्हणाले, रस्त्यात जेवण झालं काय?

येताना नारळ नव्हता. बोरगावच्या पुढे मोटर बसली, तसे बुवांनी हात झटकले. मी सवयीनं झाकण काढलं. फुस्स, आणि मोटर चालू. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. मामा, महादेवाच्या पिंडीवरच्या गळतीच्या भांड्याचं तोंड वरून घट्ट बांधून पाहा, खाली थेंब पडत नाई. टाकीचंही तसंच. पेट्रोल खाली जाते तशी वरून हवा लागते, आणि मी तर तिच्या नाकातच खुंटी ठोकलेली. मी आड जाऊन खुंटी उपटली आणि खिशात घातली. आता मोटर घोड्यासारखी पळे, पण वास असा की बाईसाहेब पदर नाकाले लावून अमरावतीपर्यंत माझ्या खानदानाची चौकशी करत आल्या. त्यात तुमीही आले.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी मले कचेरीत बोलावलं. टेबलावर खुंटी. ती माझ्या खिशातून सीटवर पडली होती.

"हा आरोपी कोणाचा?"

मी सारं कबूल केलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "पाच साक्षीदार फोडून झाल्यावर कबूल करून राहिला काय? आठ दिवसांत वास बंद आणि मोटर चालू. नाई तर तू बाळापूरले चालू."

मामा, नवी नळी इथल्या दुकानात मागावी, तर दुकानदार बाईसाहेबांचा भाऊ, खुंटीची गोष्ट संध्याकाळपर्यंत त्यांच्या कानावर गेली असती. पण मी कुठूनशी आणलीच. टाकीच्या भोकाले एक टोक घट्ट बसवलं, दुसरं पार मागच्या चाकामागे नेऊन उघडं ठेवलं. आता टाकी श्वास घेते, बाईसाहेबही घेतात. सोयरीक जमली. नोकरी राहिली. मान मात्र बुवांचा वाढला: बाईसाहेब त्यांना समोरच्या सीटवर बसवल्याशिवाय निघत नाईत, आणि वकीलसाहेबांनी मले खरं सांगाले बंदी केली आहे. म्हणे, घरात शांतता आहे.

मामीले नमस्कार.

तुमचा,
श्रावण

ता. क. पाडव्याले येतो. तेव्हापर्यंत विचार करून ठेवा, नुसता नको.

ता. क. दुसरा. संत्र्यावर औषध मारायच्या तुमच्या पंपाची नळी हातभर आखूड झाली म्हणून तुमी तुमच्या गड्यावर, शालिकरामवर चिडून राहिले, असं ऐकलं. तो बिचारा निर्दोष आहे. मागच्या सोमवारी मी मामीचा गुडघा पाहाले आलो होतो ना, तवाची गोष्ट आहे.

ता. क. तिसरा. मी फक्त पंप धरला होता. नळी सुभद्रानं विळीवर कापून देल्ली, आणि वरून म्हणाली, जास्तच कापते, पुन्हा नोकरीवर बेतलं तर जवळ राहू दे. आता तिले काही विचाराचं राहिलं असेल तर विचारून घ्या.