आईची बरगडी

प्रिय चिमटे,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी हसली असशील. चार गल्ल्या पलीकडे राहणारा भाऊ, हाताशी फोन असताना, तिकीट चिकटवून पत्र पाठवतो म्हणजे पंतोजींना पुन्हा भाषेचा झटका आला, असंच तुला वाटणार. तसं समजलीस तरी चालेल. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला तोडतेस आणि माझं क्रियापद सवयीनं अगदी शेवटी येतं, त्यामुळे इतक्या वर्षांत माझं एकही म्हणणं तुझ्यापर्यंत पुरतं पोचलेलं नाही. कागदाला मध्येच "बरं, ठेवते" म्हणता येत नाही. शेवटचा पेशंट गेला असेल तर दार लावून घे, पाय वर घेऊन बस आणि वाच. मधली पानं गाळून शेवट वाचायची तुझी जुनी खोड आहे. या वेळी नको.

आधी आईची बातमी. बरगडी सांधत आली आहे. काल तिनं स्वतःच्या हातानं वेणी घातली आणि तुझ्या वहिनीच्या चहाला नावं ठेवली, म्हणजे दुखण्याला उतार आहे असं आम्ही धरून चाललो आहोत. पण तुला आम्ही "ठीक आहे, काळजी नको" असं जे सांगत होतो, ते खरं नव्हतं. पहिले काही आठवडे ती खुर्चीत बसूनच झोपायची. श्वास घ्यायची तोही शेजारून उसना आणल्यासारखा, थोडा थोडा. खोकला आला की उशी छातीशी आवळायची; डोळ्यांतून पाणी यायचं, तोंडातून हूं की चूं नाही. डॉक्टरांनी मला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं, की या वयात माणूस बरगडीनं जात नाही, श्वास घ्यायच्या भीतीनं जातो. छाती भरते आणि मग आपल्या हातात काही राहत नाही. तू रविवारी यायचीस, तेव्हा ती तासभर आधीपासून तयारीला लागायची. आधी गोळी, मग पाठीशी उशी, मग शाल, मग तो हसरा चेहरा. तू पाठ बघू म्हणालीस की डॉक्टरांनी हात लावायला बंदी केली आहे म्हणायची. अशी बंदी कुणी केली नव्हती. तू गेलीस की वहिनी तिला उचलून निजवायची, आणि आपली आई, जिनं आयुष्यात नाटक पाहिलं नाही, पडदा पडल्यासारखी मिटून जायची.

मला तुझ्या विद्येवर विश्वास नव्हता. हे तुला ठाऊक आहे, कारण मी ते तुला न चुकता ऐकवत असे. ऑस्टिओपॅथी म्हणजे काय, असं लोक विचारायचे आणि मी सांगायचो, हाडांची मनधरणी. तुझं 'ऑस्टिओ' आणि माझं 'अस्थि' एकाच घरातले चुलतभाऊ आहेत, हे लक्षात आल्यावर मात्र माझा विरोध मवाळ झाला. नातेवाइकाला चारचौघांत नाकारता येत नाही. मग माझी मान धरली. पेपर तपासून तपासून ती अशी आखडली, की मागून कुणी हाक मारली तर मी मालगाडीसारखा डब्याडब्यानं वळायचो. शेवटी लाँड्रीच्या वरच्या तुझ्या खोलीत आलो, जिथं औषधांचा नाही, गरम इस्त्रीचा वास येतो. मान दुखते म्हणालो, आणि तू माझे बूट उलटे करून पाहिलेस. एकच टाच झिजलेली. मग मला खोलीतल्या खोलीत चालवलंस, टेबलावर झोपवलंस आणि कमरेपाशी, बरगड्यांपाशी, खांद्याखाली काहीतरी हळूहळू करत राहिलीस. मानेला अगदी शेवटी, पाहुण्यासारखा हात लावलास. मी आपला काहीतरी कडकन मोडायची वाट पाहत होतो. पिशवी एकाच खांद्याला लटकवायची नाही, एका बैठकीत गठ्ठा संपवायचा नाही, मधूनमधून उठायचं, असा दम दिलास. तीनचार खेपांनंतर फळ्यावर लिहिता लिहिता मी सहज मान वळवून मागे पाहिलं, आणि शेवटच्या बाकावरच्या मंडळींचं वर्षानुवर्षांचं स्वातंत्र्य तिथं संपलं.

हे सगळं तू डोळे मिटून करायचीस. तुझ्याकडे येणारा तो बसचालक मला म्हणाला होता, तुमची बहीण कामावर झोपा काढते हो. पण ती जागी होते तोवर माझी कंबर सुटलेली असते. मी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, की डोळे मध्येमध्ये बोलतात, मग हातांना ऐकू येत नाही. तुझ्या हातांना काय काय ऐकू यायचं ते आम्ही पाहिलं आहे. खालचा लाँड्रीवाला एकदा इस्त्री करून खांदा भरला म्हणत वर आला. तू हात ठेवलास, डोळे मिटलेस, उघडलेस, आणि हा खांदा माझ्याकडचा नाही म्हणालीस. टॅक्सीत घालून त्याला इस्पितळात नेलंस. दुखत होतं ते हृदय. तेव्हापासून तुझा पांढरा डगला तो दुसऱ्या कुणाला इस्त्री करू देत नाही. आणि आईच्या पाठीवर तर तू कधी जोर म्हणून दिला नाहीस. ती कुरकुरायची, लोकांची हाडं मळतेस आणि मला नुसतं कुरवाळतेस. त्यावर तू म्हणायचीस, तुझी हाडं बिस्किटं झालीत, त्यांना फक्त विचारायचं असतं. तेवढ्या विचारपुशीवर तिचे गुडघे माझ्याआधी जिना चढायचे.

गेल्या वर्षापासून तू डोळे उघडे ठेवतेस. मी कुशीवर झोपलो होतो आणि समोरच्या कपाटाच्या काचेत तू दिसत होतीस. सुईत दोरा ओवताना बघतात, तशी स्वतःच्या बोटांकडे बघत होतीस. मग विचारलंस, "इथं का?" पूर्वी तू विचारत नव्हतीस, सांगायचीस. जागा ती नव्हती. मी "हो, तिथंच" म्हणालो. चिमटे, सगळेच तसं म्हणतात. बसचालक तुझ्याकडून निघाला की कोपऱ्यावरच्या दुकानातून दुखण्याची गोळी घेतो आणि तुझी तारीफ करत तिथंच गिळतो. तुझ्या वहिनीनं तुला चुलीवरून पातेलं नुसत्या हातानं उतरवताना पाहिलं. ती ओरडली आणि तू हसून कसबी हात म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तू दोन्ही तळव्यांना पट्ट्या बांधून आलीस, तेव्हा इस्त्रीचं निमित्त सांगितलंस. तुझे कपडे लाँड्रीत जातात हे आम्हाला ठाऊक आहे. परवा लाँड्रीवाल्यानं मला बाजूला घेतलं. बराच वेळ माझ्याच सदऱ्याची कॉलर चापून चोपून बसवत राहिला आणि मग म्हणाला, "मास्तर, पूर्वी ताईंचे पेशंट चढताना कठडा धरायचे आणि उतरताना सोडायचे. आता उतरताना धरतात."

बाबांचे शेवटचे दिवस तू पाहिले नाहीस, तू तेव्हा शिकायला बाहेर होतीस. त्यांच्या दुकानावर मी हौसेनं 'केशकर्तनालय' अशी पाटी लावली होती, ती वाचता वाचता दोन गिऱ्हाइकं पुढच्या दुकानात गेली, हा किस्सा तुला माहीत आहे. पुढचं कुणी सांगितलं नसेल. त्यांच्या बोटांतली जाणीव गेली होती. वस्तरा गालावर किती टेकला आहे, ते त्यांना कळेनासं झालं. लोक रक्तावर कागदाचा कपटा चिकटवून उठायचे आणि हात काय हलका आहे म्हणायचे. आई दुपारी तो वस्तरा स्वतः दगडावर घासून बोथट करून ठेवायची. मग हळूहळू गल्लीतल्या पुरुषांनी दाढ्या वाढवल्या. बँकेतले गृहस्थ, शाळेचे शिपाई, आमचे हेडमास्तरसुद्धा. मला खरंच वाटलं, फॅशन आली. दुसऱ्या न्हाव्याकडे जायचं नाही, बाबांकडेही बसायचं नाही, म्हणून त्या भल्या माणसांनी खाजऱ्या हनुवट्या सोसल्या. बाबा रिकाम्या खुर्चीत बसून रस्त्यानं जाणाऱ्या दाढ्या बघत राहायचे. जायच्या थोडे दिवस आधी त्यांनी मला जवळ बसवलं. "मला कळत नव्हतं असं वाटलं काय रे तुम्हाला?" म्हणाले. "एकानं तोंडावर सांगितलं असतं, तर वस्तरा त्याच दिवशी पुसून ठेवला असता. सगळ्यांनी मिळून मला एकटं पाडलंत. तेही मायेनं."

अप्रिय सत्य बोलू नये, असा एक सोयीस्कर उपदेश मी दर वर्षी मुलांकडून पाठ करून घेतो. या वर्षी गाळला. तर आता ऐक. तुला सांगितलं तशी आई न्हाणीघरात पडली नाही. त्या दिवशी तुझ्याकडून तिला मीच घरी आणलं. टॅक्सीत बसल्यापासून ती पट्टा छातीपासून दूर धरून बसली होती आणि माझ्या एकाही टोमण्याला उत्तर देत नव्हती. तिथंच मला कळायला हवं होतं. घरी आल्यावर न्हाणीघरात गेली, आणि थोड्या वेळानं पडले म्हणून हाक मारली. वहिनी दाराशीच होती. आवाज कसला आला नाही. फरशी कोरडी होती. आणि तिच्या पाठीवर, कण्याच्या डाव्या अंगाला, दोन अंगठे उमटले होते, काळेनिळे, शेजारी शेजारी. तिची हाडं बिस्किटं झालीत हे तूच आम्हाला सांगितलंस, आणि त्या दिवशी तू तिच्यावर सगळा भार टाकलास, कारण किती टाकते आहेस ते तुला कळलं नाही. तिनं ओरडायला हवं होतं. ती म्हणाली असेल, हो, तिथंच. मी तिला खडसावलं तेव्हा तिनं माझ्याकडून तुला न सांगण्याचं वचन मागितलं. मी दिलं नाही. तर म्हणाली, "बरगडी काय, आपोआप सांधते. तिचे हात गेले तर ती काय सांधायची?"

हे सगळं मी कदाचित अजूनही पोटात ठेवलं असतं. पण काल वेणी घालून झाल्यावर आईनं फर्मान काढलं, की येत्या गुरुवारी तिला तुझ्याकडे न्यायचं. टेबलावर झोपायचं. फार दिवस मी तिच्याकडे फिरकले नाही तर तिला शंका येईल म्हणते, आणि मी हात लावू दिला नाही तर पोरीचा जीव खचेल. चिमटे, ती पुन्हा येऊन तुझ्या हाताखाली पाठ देणार आहे, आणि या वेळी जे मोडेल त्याचा आवाजही ती येऊ देणार नाही. म्हणून हे पत्र. तोंडावर सांगावं असं बाबा म्हणाले होते. माझ्यात तेवढं धैर्य नाही, कागदाच्या आडून सांगतो आहे. गुरुवारी आईच्या जागी मी येईन. गेले काही दिवस माझ्या पाठीत एक जागा दुखते आहे, अगदी खरी. कुठं, ते मी वहिनीलाही सांगितलेलं नाही. मी पालथा झोपेन, तू डोळे मीट आणि शोध. इथं का म्हणून विचारू नकोस, मी उत्तर देणार नाही. सापडली, तर हे पत्र माझ्या तोंडावर फेक आणि जन्मभर मला त्यावरून चिडव. इतक्या आनंदानं अपमान सोसणारा माणूस तुला मिळणार नाही. नाही सापडली, तर मी उठेन, आणि आपण दोघं जिना उतरू. नसांच्या डॉक्टरांकडची वेळ मी घेऊन ठेवली आहे. बाबांचं पुढं काय झालं असतं ते आपल्याला कळलं नाही, कारण त्यांना कुणी नेलंच नाही. तुझंही काय निघेल ते डॉक्टरही आधी सांगत नाहीत. लाँड्रीवाला खाली टॅक्सी उभी करून ठेवणार आहे. त्याला तू गाडीत घातलंस, तेव्हा त्यानं एका शब्दानं वाद घातला नव्हता. तूही घालू नकोस.

तुझाच, अजूनही मान वळवू शकणारा,
पंतोजी दादा