घाटमाथ्यावर बंद पडणारी गाडी

प्रिय मासाफुमी,

तुझं पत्र मिळालं. ‘बाबांची गाडी भंगारात देऊन टाक’ असं लिहिलंयस. ती अजून माझ्या गॅरेजसमोरच उभी आहे. आधी हे वाच, मग काय ते ठरव. मला लिहायची सवय नाही. शाळेत माझे निबंधसुद्धा तूच लिहून द्यायचास.

मागच्या उन्हाळ्यात काका तीनदा गाडी घेऊन माझ्याकडे आले. काकूंना घाटापलीकडच्या वृद्धाश्रमात ठेवल्यापासून ते रोज दुपारी थर्मासात जवाचा थंड चहा भरून त्यांना भेटायला जात. दर वेळी काकांचं एकच, “त्सुनेओ, चढ संपता संपता बंद पडते बघ. पाव तास थांबलं की गपगुमान चालू.” मी तपासणीचं नवंकोरं यंत्र घेतलं होतं, त्याचा भारी तोरा होता मला. तारा जोडून दाखवायचो, एकही दोष नाही. तिसऱ्यांदा तर हसत म्हणालो, “काका, नाचता येईना अंगण वाकडं! ब्याऐंशी झाली, पाय घसरत असेल पेडलवरून.” काकाही हसले, पण जरा थांबून. ते मला दिसलं होतं.

मग तुझा फोन आला. पेपरात रोज म्हाताऱ्यांच्या अपघातांच्या बातम्या, तू घाबरलेला. मी छातीठोकपणे सांगितलं, गाडी ठणठणीत आहे, खोट चालवणाऱ्यात आहे. तू म्हणालास म्हणून काकांनी लायसन्स परत केलं. पोलीस ठाण्यात मीच नेलं त्यांना. बाहेर आल्यावर ते माझ्यापुढे कमरेत वाकले आणि म्हणाले, “म्हाताऱ्यापायी तुला उगाच त्रास झाला रे.”

घाटापलीकडे बस आठवड्यातून दोनदा. बर्फ पडलं की तीही नाही. फेब्रुवारीत काका गेले, तेव्हा त्यांची नि काकूंची भेट होऊन एकोणीस दिवस झाले होते.

परवा मी गाडी भंगारवाल्याकडे न्यायला निघालो. घाटमाथ्यावर, भर उन्हात, बंद पडली. पाव तास थांबलो, चालू झाली. तसाच परत आलो आणि सीट उचलली; या गाडीचं इंजिन सीटखालीच. इंजिन किती फिरलं ते सांगणारा अंगठ्याएवढा सेन्सर असतो. इंजिन चालू ठेवून त्यावर बायकोचा केस वाळवायचा ड्रायर धरला. मिनिटभरात इंजिन गप्प. निवल्यावर पुन्हा सुरू. तापला की मुका होणारा सेन्सर, आणि माझ्या दारात येईपर्यंत तो निवलेला असायचा. यंत्राला कळलं नाही, पण काकांनी तोंडाने सगळं सांगितलं होतं. मी यंत्राचं ऐकलं.

काल नवा सेन्सर बसवून घाट चढून पाहिला. गाडी कुठे थांबली नाही, थेट वृद्धाश्रमाच्या फाटकात उतरलो. काका गेल्याचं तू काकूंना दोनदा सांगितलंस, त्या दोनदा विसरल्या. पण गाडीचा आवाज ओळखून त्या खिडकीशी येऊन उभ्या होत्या, हातात दोन पेले. म्हणाल्या, “किती उशीर केलात!” मी चहा नेला नव्हता. मासाफुमी, खोट काकांत नव्हती, माझ्यात होती, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवलास. पितरांच्या सणाला, बॉनला, येशील तेव्हा काकांच्या पुढ्यात माफी मागेन; त्याआधी तुझी मागतो. गाडी भंगारात द्यायला सांगू नकोस. तू येईपर्यंत रोज दुपारी मी ती घाटापलीकडे नेणार आहे. आज थर्मास भरून घेतलाय.

तुझाच, न ऐकणारा,
त्सुनेओ