ओठ दिवाळीआधीच घडला होता

खांदा कॉलनी, पनवेल
२१ जून २०१०

प्रिय कीर्ती,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. हे फाडलंस तर पुढचं रजिस्टरने पाठवीन, सही करावी लागेल! नणंद आहे मी, एवढं छळायचा हक्क आहे मला.

बाळ कसं आहे? प्रितेशदादा म्हणतो, चमच्याने दूध छान पितं आणि चिरलेल्या ओठानेच गोड हसतं. ऑगस्टमध्ये टाके घातले की झालं. पण तू मात्र करंज्याला माहेरी बसून एकच घोकतेयस, ग्रहणात मासे कापले म्हणून पोराचा ओठ चिरला. आमच्या आईनेही तेच ऐकवलं तुला. अगं वेडे, जरा माझं ऐक.

लॅबमध्ये मी कोंबडीच्या अंड्याला छोटी खिडकी पाडून आतलं पिल्लू बघते. तिसऱ्या दिवशी इवलंसं काळीज धडधडताना दिसतं. प्रत्येक पेशीत माहिती तीच, मग काळीज कुठे आणि डोळा कुठे, हे ठरवतं कोण? काही प्रथिनं जनुकांवर बसून त्यांना चालू-बंद करतात. हळदीच्या जेवणाला शेजारची गुणाबाई ओरडते ना, तू खोबरं वाट, तू कोळंबी सोल, तशीच! कधी एखादीला हाक पोचत नाही, काम अर्धं राहतं. का, ते पुष्कळदा आम्हालाही कळत नाही. पण कधी, ते पक्कं ठाऊक आहे. तुझे दिवस मी मोजले. दिवाळीचा कंदील लागायच्या आधीच ओठाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ग्रहण जानेवारीत, तेव्हा तुला सहावा होता.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कीर्ती. तरी आई तुला बोलली तेव्हा मी गप्प बसले, कारण ती पापलेटं मीच आणली होती. साफ करून ठेव गं, काही होत नाही, असं तुला सांगून मी चष्मा घेऊन गच्चीवर ग्रहण बघायला पळाले. तू माझं नाव एकदाही घेतलं नाहीस. फार लाज वाटते मला. काल आईला सगळं सांगितलं. आधी तिने मला धू धू धुतलं, मग म्हणाली, माज्या सुनेला मीच रडवली, आता ती माज्याशी बोलंल का? रविवारी आम्ही दोघी येतोय. माझ्याशी हवं तेवढं भांड. पण आईने त्याला अजून एकदाही घेतलेलं नाही, बाळ आधी तिच्या मांडीवर दे.

तुझीच, शिव्या खायला तयार असलेली,
विनिता