सगळं फाईलमध्ये आहे, असं मी म्हटलं

कोपरगाव, गुरुवार, १२ फेब्रुवारी. संध्याकाळ.

नवीन संसारात एका रविवारी आम्ही दोघं फडताळ लावत होतो. अरुणने आधी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली. मी म्हटलं, "अरे, डबे रिकामे आणि चिठ्ठ्या छान!" किती हसलो.

निवृत्तीनंतर त्याने घरच्या संगणकावरच्या लिनक्स प्रणालीचंही तेच केलं. संगणक कसा असावा ते एका फाईलमध्ये लिहायचं, त्याबरहुकूम तो स्वतःला घडवतो. मी हाताने काही बदललं की म्हणायचा, "अगं, फाईलमध्ये लिही, नाहीतर टिकायचं नाही." तिथे एक ओळ माझीही होती: शुभासाठी अक्षरं मोठी.

तो गेल्यावर संगणक अडखळायला लागला. काल दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, डिस्क पुसावी लागंल. काय ठेवायचं हाय?" मी ऐटीत सांगितलं, "ही फाईल ठेवा. यात सगळं आहे."

आज सुरू केला. अक्षरं मोठीच आली. पण फोटो नाहीत. माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्याने वाचून रेकॉर्ड केलेल्या गोष्टीही नाहीत. फाईलमध्ये नुसती मांडणी होती. पुसण्याआधी निशाला एक फोन करायला काय झालं होतं मला? आज फोनवर सांगितलं, तर लेक रागावलीसुद्धा नाही. "आई, तू जेवलीस का?" एवढंच. मोठी अक्षरं बघवत नाहीत.

माझ्यामागे संगणक पुणतांब्याच्या शाळेला द्यावा. फाईल निशाला. आमच्या लग्नाचा अल्बम नातवाला, रोहनला. त्याच्या बारशापासूनचे सगळे फोटो माझ्या हातून गेले, हे मात्र त्याला उद्या मीच सांगेन. माझ्यामागे कळायला नको.